बेसमेंटमध्ये बंद पडलेली टीटी: इंजिन बदलायच्या आधी काय तपासायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी: २०१२ ची ऑडी टीटी, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, वॉरंटी केव्हाच संपलेली. कासारवडवलीच्या सोसायटीत सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखड झाली, गचका बसला आणि गाडी बंद. आता सेल्फ मारला की इंजिन हलकं, भर्रकन फिरतं, पण पेटत नाही. सर्व्हिस सेंटरने न खोलताच ‘इंजिन बदला’ असं एस्टिमेट हातात ठेवलंय. सही करायची का?

इतक्यात नको. आणि आधी सेल्फ मारणं पूर्ण थांबवा.

या इंजिनात क्रँक (पिस्टनना जोडलेला शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा शाफ्ट) यांचा मेळ राखणारी टायमिंग चेन असते आणि तिचा ताण हायड्रॉलिक टेन्शनर सांभाळतो. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब उतरतो. मग टेन्शनरची दातेरी पट्टी आणि तिला अडवणारी क्लिप चेन धरून ठेवते. जुन्या डिझाइनमध्ये नेमकी हीच क्लिप दगा देते. सकाळी सुरू करताना दाब यायच्या आधीच चेन ढिली पडते आणि दाते चुकवते. टायमिंग हललं की पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो. म्हणजे तुम्ही प्रत्येक वेळी सेल्फ मारता तेव्हा वाचलेला व्हॉल्वही वाकू शकतो. शिवाय बॅटरी उतरली की गिअर लिव्हर ‘पी’मध्येच अडकतो, आणि तसं झालं तर बेसमेंटमधून गाडी काढणं म्हणजे दिवसभराचा उद्योग.

फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक) बेसमेंटमध्ये उतरत नाही, हे टोइंगवाल्याला फोनवरच सांगा. चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या आणि रॅम्पवर टाकायला दोन लांब फळ्या मागवा, नाहीतर पुढचा बंपर पहिल्याच चढावर फाटेल. गाडी क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर चारही चाकं जमिनीपासून वर हवीत.

आता तपासणी. सगळं खोलायच्या आधी, या क्रमाने.

बॅटरी काढण्याआधी गाडीचा कॉम्प्युटर स्कॅन करून एरर कोड छापून घ्या. पी००१६ आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय. खालच्या टायमिंग कव्हरवर रबरी बूच असलेलं एक छोटं भोक असतं. बूच काढून टॉर्च मारली की टेन्शनर दिसतो. तो जुना की सुधारित, हे तिथेच कळतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते. प्लग काढायचे, कॉइल आणि इंजेक्टरची जोडणी सोडायची, थ्रॉटल पूर्ण उघडा. नव्या इंजिनात साधारण ११ ते १४ बार, झिजलेल्यात किमान ७, आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारच्या आत. पण इथेच लोक फसतात. टायमिंग हललेलं असताना कॉम्प्रेशन शून्य आलं म्हणून व्हॉल्व वाकलेच असं होत नाही. ते चुकीच्या वेळी उघडेही असू शकतात. आणि ही चाचणी घ्यायची म्हणजे पुन्हा सेल्फ मारणं आलंच. म्हणून चेन घसरल्याचं स्कॅनमध्ये किंवा भोकातून दिसलं तर ही पायरी सोडा. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहा. व्हॉल्व आदळला असेल तर अर्धचंद्रासारखी चकचकीत खूण दिसते. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती शोधणं) चेन पुन्हा जागेवर बसवून झाल्यावरच घ्यायची. तेव्हा हवा इनटेककडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, तेलाच्या झाकणातून आली तर रिंग्ज.

ऑइल फिल्टर टाकू देऊ नका. डबा कापा, पण हॅकसॉने नको, त्याचाच लोखंडी कीस आत पडतो. आतल्या गाळणीच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरून त्यावर चुंबक फिरवा. चिकटणारे कण लोखंडाचे. न चिकटणारी सोनेरी-तांबूस चमक म्हणजे क्रँक ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगचे शेल. तपकिरी-काळे प्लॅस्टिकचे तुकडे म्हणजे चेनच्या गाइडपट्ट्या. शेलची चमक नसेल आणि पिस्टन व सिलिंडरच्या भिंती धड असतील, तर खालचं इंजिन वाचलंय. मग हेड (व्हॉल्व असलेला इंजिनचा वरचा भाग) उतरवून काम भागतं.

त्या कामात टेन्शनर सुधारित आवृत्तीचाच, चेन, गाइडपट्ट्या, बॅलन्स शाफ्टची चेन, वाकलेले व्हॉल्व, स्टेम सील, हेड गॅस्केट आणि हेड बोल्ट नवे हवेत. बोल्ट ताणून बसवलेले असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. नुसते व्हॉल्व बदलून हेड परत बसवणारा गॅरेजवाला टाळा. व्हॉल्व गाइड आणि हेडचा सपाटपणा मशीन शॉपमध्ये मोजायलाच हवा. गॅरेज वागळे इस्टेटचं असो की रबाळे-तुर्भ्याचं, एक प्रश्न विचारा: कॅमच्या कंट्रोल व्हॉल्वचे आटे कुठल्या बाजूचे? उत्तर ‘उलटे’ हवं. गोंधळला तर त्याने हे काम केलेलं नाही. गाडी पूर्वीपासून तेल पीत असेल, तर हेड उतरलेलं असतानाच पिस्टन-रिंग्जचा निर्णय घ्या. नंतर तीच मजुरी दुसऱ्यांदा भराल.

बेअरिंग गेलेली निघाली तरच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं वापरलेलं इंजिन विचारात घ्या. इंजिन कोड जुळलाच पाहिजे, आणि बसवण्याआधी त्याचाही टेन्शनर बदला, नाहीतर हाच रोग विकत आणाल. इंजिन नंबर बदलला की आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ज्या गाडीतून ते आलंय तिचे कागद आणि बिल नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

विम्याची आशा धरू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, आणि इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरण्यासाठी वा तेलगळतीसाठी असतं. कंपनीकडे मात्र गुडविल (वॉरंटी संपल्यावरही दिलेली सवलत) मागा: सर्व्हिसची सगळी बिलं, स्कॅनचा कागद आणि तुटलेल्या टेन्शनरचा फोटो जोडून लेखी ईमेल. जुने भाग परत हवेत, हे जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या. टेन्शनर भंगारात गेला की दाखवायला हातात काही उरत नाही, ना कंपनीला, ना ठाण्याच्या ग्राहक आयोगाला.

काम झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टर आणि कॉइल सोडून, तेलाचा दाब येईपर्यंत नुसतं फिरवायचं. व्हीडब्ल्यू ५०२ ०० या मानकाचं तेल भरा, पहिल्या हजार किमीला ते बदला आणि तो फिल्टरही कापून पाहा.