घराचा नकाशा आणि कपाटातला लिफाफा

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ६१. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याच्या हिशेब विभागातून ते चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि जुनी शिल्लक मिळून ३० लाख रुपये जमले. पेन्शन ३,५०० रुपये, घरखर्च महिना १८,०००. घर १९९४ चे, ५२० चौरस फुटांचे बैठे: बैठक, मधली खोली, तिच्या बाजूला पाच बाय सातची कोठी, मागे स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी परसात. पत्नीचे गुडघे दुखतात, रात्री दोन पायऱ्या उतरून मागे जाणे त्यांना जमत नाही. घराची रचना बदलण्यासाठी कंत्राटदाराने ८ लाखांचा अंदाज दिला आहे. हे पैसे ठेवीतून काढावेत की कर्ज काढावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते: कर्ज काढू नका. ८ लाखांच्या दहा वर्षांच्या कर्जाला १० टक्के दराने महिना साडेदहा हजारांच्या आसपास हप्ता बसतो, आणि तुमची पेन्शन साडेतीन हजार आहे. शिवाय १० टक्क्यांनी कर्ज घेऊन ७-८ टक्क्यांच्या ठेवी सांभाळण्यात तोटाच आहे.

मला काळजी वाटली ती पत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदातील एका वाक्याची. "बँकेतील साहेबांच्या सांगण्यावरून ४ लाख रुपये डबल पेन्शनच्या एफडीत ठेवले, त्याची कागदपत्रे आली आहेत," असे तुम्ही सहज लिहिले आहे. सोबत पाठवलेल्या पहिल्या पानाच्या छायाचित्रात एफडी हा शब्द कोठेही नाही. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. 'वार्षिक प्रीमियम' या रकान्यात ४ लाख, 'प्रीमियम भरण्याची मुदत' या रकान्यात ७ वर्षे, आणि त्याखाली पुढच्या हप्त्याची तारीख छापलेली आहे. याचा अर्थ तुम्ही ४ लाख ठेवलेले नाहीत, तर २८ लाख भरण्याचे कबूल केले आहे. तुमची सारी पुंजी ३० लाखांची आहे.

आता सरळ हिशेब करू. ३० लाखांतून पहिला हप्ता गेला, २६ उरले. घरासाठी ८ गेले की १८ राहतात. अजून सहा हप्ते म्हणजे २४ लाख बाकी आहेत, आणि पेन्शन वजा जाता घरखर्चासाठी वर्षाला पावणेदोन लाख याच पैशांतून काढावे लागणार आहेत. शिलकीवर ७ टक्के व्याज धरले, तरी पाचवा हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या खात्यात दोन लाखांच्या आसपासच रक्कम असेल. जे उत्पन्न तुम्हाला 'डबल पेन्शन' म्हणून सांगितले गेले, ते नवव्या वर्षी, म्हणजे तुम्ही सत्तरीला टेकल्यावर सुरू होणार आहे आणि त्याआधीच पॉलिसी बंद पडलेली असेल. समजा कोठून तरी पैसे आणून सर्व हप्ते भरलेत, तरी कंपनीच्या स्वतःच्या तक्त्यातील आकड्यांवरून परतावा वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आत बसतो. निवृत्त माणसाला सात वर्षे पैसे भरायला लावून नवव्या वर्षी उत्पन्न देणारी वस्तू विकणे हा अन्याय आहे. ती विकणाऱ्याला तुमचे वय आणि तुमची पेन्शन दोन्ही ठाऊक होते, म्हणून मला त्याचा अधिकच राग येतो.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसीची कागदपत्रे हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. याला फ्री लूक कालावधी म्हणतात. तुमचा लिफाफा पत्र लिहिण्याच्या १५ दिवस आधी आला होता, म्हणून हा भाग मी तुम्हाला त्याच दिवशी स्वतंत्रपणे कळवला. येथे तो इतर वाचकांसाठीही सविस्तर लिहितो. अर्ज विमा कंपनीच्या नावाने लेखी द्यावा, कारण नमूद करावे, पॉलिसी क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील जोडावा आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी; तोच अर्ज ईमेलनेही पाठवावा. जितके दिवस विमा चालू राहिला त्याचा जोखीम आकार, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा करून बाकी रक्कम परत मिळते. ते साहेब "निदान तीन वर्षे तरी भरा" असे सांगतील, किंवा सही घेणारा माणूस रजेवर आहे म्हणून पुढच्या आठवड्यात बोलावतील. तसे झाल्यास बँकेत थांबू नका, थेट विमा कंपनीच्या शाखेत जा. मुदत एकदा उलटली की पहिल्याच हप्त्यावर थांबणाऱ्याच्या रकमेतील मोठा भाग हातचा जातो. कंपनीने नाकारले किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे.

४ लाख परत आले असे धरून पुढचे पाहू. २० लाख रुपये पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याचा दर ८.२ टक्के आहे आणि तो खाते उघडताना पाच वर्षांसाठी पक्का होतो. दर तिमाहीला ४१,००० रुपये, म्हणजे महिना सुमारे १३,७०० मिळतील. पेन्शन धरून १७,२०० झाले. खाते पत्नीसह संयुक्त उघडा. ३ लाख दुखण्याखुपण्यासाठी बँकेच्या मुदत ठेवीत असू द्या. त्यांच्या व्याजातून घरखर्चाची उरलेली तूट भरून निघेल. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून ही रक्कम पतसंस्थेत नेऊ नका, कारण ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. दोन-अडीच लाख वाढत्या महागाईसाठी राखून ठेवावेत. ६ टक्के महागाई धरली तर आजचे १८,००० दहा वर्षांनी ३२,००० होतात. या सगळ्यातून घरासाठी साडेचार लाख निघतात, आठ निघत नाहीत.

आणि साडेचार लाखांत तुम्हाला हवे ते घर होते, असे मला तुमचा आलेखाच्या कागदावरचा नकाशा पाहून मनापासून वाटते. कंत्राटदाराच्या अंदाजात संडास-बाथरूमला १ लाख ६० हजार, मधली भिंत पाडून तुळई टाकायला १ लाख २० हजार, मॉड्युलर किचनला २ लाख, फॉल्स सीलिंगला ७० हजार, चकचकीत टाइल्सना दीड लाख आणि वायरिंग-रंगाला १ लाख आहेत. यातील पहिली आणि शेवटची रक्कम योग्य आहे. कोठी मधल्या खोलीला लागूनच असल्याने संडास-बाथरूम तेथेच येऊ शकते. जमीन खोलीच्या पातळीत, मध्ये उंबरठा नाही, कमोड, भिंतीत पक्का बसवलेला दांडा, खरखरीत फरशी आणि बाहेर उघडणारे तीन फुटी दार एवढे मात्र कागदावर लिहून घ्या. दार आत उघडत असेल आणि आतले माणूस दारालाच टेकून पडले, तर ते उघडता येत नाही.

मधली भिंत पाडू नका. चौकटीपाशी पट्टी लावून तिची जाडी मोजा. नऊ इंच भरली, तर त्या काळच्या घरात स्लॅबचा भार बहुधा तिच्यावरच असतो. ती मोकळी करण्याऐवजी अंधाऱ्या मधल्या खोलीला बाहेरच्या बाजूने खिडकी काढणे स्वस्तही आहे आणि मे महिन्यात उपयोगाचेही. शहाबादी फरशी काढू नका. ती थंड राहते, गुळगुळीत टाइलइतकी घसरडी नसते; हललेल्या फरश्या समपातळीत बसवून घ्यायला ४० हजार धरा. सोलापूरच्या उन्हात फॉल्स सीलिंगपेक्षा गच्चीवर उष्णता परतवणारा पांढरा लेप अधिक कामाचा आहे. लेप, खिडकी आणि ओट्याची दुरुस्ती मिळून सव्वा लाख पुरतील. म्हणजे एकूण सव्वाचार, आणि २५ हजार हातचे. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा नव्या बाथरूमचा नळ गच्चीवरच्या टाकीला जोडलेला असावा, नाहीतर बादल्या मागूनच आणाव्या लागतील.

तुमच्या चार पानी पत्रात ओट्याच्या उंचीचा उल्लेख दोनदा आहे, पण पत्नीला उभ्याने काम झेपते की बसून, हे एकदाही आलेले नाही. कंत्राटदाराला इसार देण्यापूर्वी त्यांच्यासोबत एका रात्री पलंगापासून कोठीपर्यंत चालून पाहा, हात कोठे टेकतो तेथे भिंतीवर खडूने खूण करा आणि दांडा त्याच उंचीवर बसवून घ्या.