क्लस्टरवर काम करायचंय, लिनक्सची सुरुवात कुठून करू?

जीवशास्त्रात पीएचडी, लॅपटॉपवर विंडोज ११ आणि महिन्याभरात विद्यापीठाच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) डेटा चालवायचा, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यासाठी विंडोज पुसू नका; डब्ल्यूएसएलमुळे विंडोजच्या आतच लिनक्स चालतं. पॉवरशेल (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाइप करा: डब्ल्यूएसएल, एक स्पेस, दोन डॅश, त्यांना चिकटून इन्स्टॉल. (कमांड रोमन लहान अक्षरांतच; लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो.) रीस्टार्टनंतर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) युजरनेम-पासवर्ड मागेल. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर टिंबंसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड ठीक आहे, टाइप करून एंटर मारा.

पहिला आठवडा फक्त फाइलींचा: पीडब्ल्यूडी (आत्ता कुठे आहात), एलएस (फाइलींची यादी), सीडी (फोल्डर बदलणं), सीपी (कॉपी), एमव्ही (हलवणं), लेस (फाइल वाचणं). आरएम (फाइल पुसणं) सगळ्यात शेवटी, कारण इथे रीसायकल बिन नाही. फाइलच्या नावात स्पेस टाळा; शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) एका नावाची दोन वाटतात.

मग ग्रेप (ओळी शोधणं), सॉर्ट (क्रम लावणं), युनिक (स्पेलिंग uniq) आणि पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं). युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी काढतं, म्हणून आधी सॉर्ट. तुमच्या विषयात सगळ्यात घातक चूक इथेच होते. फास्टा फाइलीत (डीएनए-प्रथिनांचे सीक्वेन्स असलेली साधी मजकुराची फाइल) सीक्वेन्स किती, हे ग्रेप मायनस सी लावून '>' ही खूण मोजून काढतात. ती अवतरणात घालायला विसरलात, तर शेल समजतो की आउटपुट त्या फाइलीत लिहायचंय, आणि ग्रेप चालायच्या आधीच फाइल शून्य बाइटची होते. स्क्रीनवर दिसतं ते ग्रेप कसं वापरावं एवढंच. फाइल गेल्याचं कोणी सांगत नाही. म्हणून मूळ डेटा उतरवला की लगेच सीएचमॉड ४४४, म्हणजे फाइल फक्त वाचता येते. मग अशा वेळी 'परमिशन डिनाइड' येईल आणि डेटा वाचेल.

क्लस्टरवर एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरायची कमांड) शिरता तो संगणक म्हणजे लॉगिन नोड. तिथे मोठं काम चालवू नका, सगळ्यांचं अडतं. स्लर्म (कामांची रांग लावणारं सॉफ्टवेअर) असेल तर स्क्रिप्ट एसबॅचने द्या, रांग एसक्यूने (स्पेलिंग squeue) पाहा. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळींच्या शेवटांवरून एसबॅच ती नाकारू शकतं; ते दुरुस्त करायला डॉसटूयुनिक्स (स्पेलिंग dos2unix) चालवा, किंवा सरळ नॅनोमध्येच (लिनक्सचा साधा एडिटर) लिहा.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्सचे मराठी धडे फुकट आहेत. व्हीआय हा दुसरा एडिटर तूर्त नको. चुकून उघडलंच तर एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.