ब्रॉन्झ आणि पितळ एकच का? ब्रॉन्झ नेमकं कुठे वापरतात?

एकच नाहीत. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, कथील मिसळलं की ब्रॉन्झ, म्हणजे आपलं कासं.

पुतळ्यांसाठी साधारण १० टक्के कथील पुरतं. असं कासं तांब्यापेक्षा कमी तापमानाला वितळतं आणि साच्यात नीट बसतं. मोहेंजोदडोची नर्तकी अशीच ओतलेली, उंची जेमतेम १०.५ सेंटिमीटर. कथील २०-२२ टक्क्यांवर नेलं की धातू कडक आणि ठिसूळ होतो, पण नाद सुरेख लागतो. म्हणून घंटा, झांजा, टाळ याचे. असा टाळ फरशीवर आपटला तर पोचा पडत नाही, सरळ तडकतो.

घरात उरली आहे ती काशाची वाटी. तूप लावून तळपाय घासले की काळं येतं, ती ‘बाहेर पडलेली उष्णता’ नसते हो, तूप आणि धातूची प्रक्रिया असते. पायांना बरं वाटतं, हे मात्र खरं.

ऑलिंपिकमधल्या तिसऱ्या क्रमांकाच्या कांस्यपदकाचं नावही यावरूनच: खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कुस्ती; स्वप्नील कुसाळे, पॅरिस २०२४, नेमबाजी.