पाच हजारांत चाल विकली जात नाही

मावशी, मी कणकवली तालुक्यातला, वय 27. दहावीपासून भजनात पखवाज वाजवतो. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, दोन बुवांची साथ करतो, जत्रांच्या दिवसांत दशावताराला मृदंगावर बसतो. दिवसा पतसंस्थेत नोकरी, पगार 14 हजार. घरी हापूसची थोडी कलमं आहेत. गेल्या गणपतीत मी लिहिलेला, मीच चाल लावलेला गजर मुंबईच्या एका चॅनलवाल्याने रेकॉर्ड केला. फोनवर 5 हजार पाठवले, कागद काहीच नाही. गजर लाखो लोकांनी ऐकला, पण त्याखाली माझं नाव नाही. आता वाटतं, नोकरी सोडून मुंबईला जावं आणि हेच करावं. बाबा म्हणतात, "वाजवन पोट भरूचा नाय." काय करू?
— एक पखवाजी

बाळा,

नोकरीचं नंतर बोलू. आधी त्या गजराचं.

1989 साली मी मुंबईतल्या एका स्टुडिओत आठ भक्तिगीतं गायले. हातावर पाचशे रुपये पडले आणि समोर आलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. पुढच्या गणपतीत सावंतवाडीच्या स्टँडवर एका कॅसेटच्या दुकानातून माझाच आवाज कानावर आला. वेष्टन हातात घेतलं, त्यावर माझं नाव नव्हतं. तिथेच उभी राहून रडले आणि घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. ते गप्प बसणं मला अजून सलतं. तू गप्प बसू नकोस.

आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर त्यात लेखी कागद लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही. फोनवर पैसे आले म्हणून तुझे शब्द आणि तुझी चाल त्याची झाली, असं होत नाही. उद्या त्याने कागद पुढे केलाच, तर मुदत लिहिली आहे का ते बघ. लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षंच धरतो. शिवाय 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही. तो जाऊ शकतो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे. तरीही वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. आणि 'ही रचना माझी आहे' हे सांगायचा अधिकार तर हक्क विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो.

एक मात्र मनाशी खरं खरं तपास. डबलबारीत सिनेमाच्या चालीवर गजर बसवायची रीत आहे. तुझी चाल तशी असेल तर तिच्यावर तुला दावा सांगता येणार नाही, फक्त शब्दांवर सांग. चाल तुझीच असेल तर पहिल्यांदा गुणगुणून फोनमध्ये धरून ठेवलेली, तारखेसकट असलेली रेकॉर्डिंग जपून ठेव. तो फोन विकू नकोस. मग त्या माणसाला साधं, आदराचं ई-मेल पाठव: गीत आणि संगीत म्हणून माझं नाव घाला, आणि हिशेब द्या. आयपीआरएस ही 1969 सालची संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते, तिचं सभासदत्व घे. पहिल्या वर्षी फार काही हाती येईल असं धरू नकोस, पण तुझ्या पुढच्या प्रत्येक गजराची नोंद तिथे होत राहील.

आता नोकरी. इतक्यात सोडू नकोस. गायक वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं खर्डेघाशी करत गात राहिले. चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी नोकरी सोडली नाही, म्हणून त्यांच्या गाण्यात काही उणं राहिलं का?

एक वही घे आणि बारा महिने मांड. जत्रा सुरू झाल्या की मे अखेरपर्यंत तुला उसंत नाही. मिरगापासून आषाढ संपेपर्यंत हात रिकामे. श्रावणात सप्ताह, मग गणपती, पितृपक्षात पुन्हा शांत. मिळकतीसमोर खर्चही लिही: पखवाजाची चामड्याची पुडी, तिच्यावरची शाई, गाडीभाडं. दमट हवेत पुडी उतरते, तिचे पैसे त्याच पावसाळ्यात लागतात जेव्हा कार्यक्रमाची सुपारी एकही नसते. ते रिकामे दोन महिने शिकवणीने भर. ठाण्या-डोंबिवलीतल्या आपल्या चाकरमान्यांच्या पोरांना पखवाज शिकायचा असतो, पण शिकवणारा जवळ नसतो. व्हिडिओ कॉलवर बोल आणि हात दोन्ही दाखवता येतात. जमलं तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पखवाजाच्या परीक्षा दे. शाळेत शिकवायला गेलास तर तो कागद कामाला येतो.

तुझ्या पत्रात झोपेबद्दल एक शब्द नाही, आणि मला तीच काळजी आहे. सामना पहाटे संपतो आणि दहाला तू नोटा मोजायला बसतोस. किती वर्षं चालेल हे? आठवड्याला दोनच रात्री घे. गणपतीत बिनपगारी रजा माग. सुपारी घेतानाच मानधन, प्रवास आणि निघायची वेळ बोलून घे. "आपलोच कार्यक्रम हा" म्हणणाऱ्यालाही आकडा सांग, गोड आवाजात सांग.

खर्च वजा जाऊन वाजवण्या-शिकवण्यातून लागोपाठ दोन वर्षं, पावसाळा धरून, 1 लाख 68 हजार उरले की तुझा पगार भरून निघाला. मग खुशाल राजीनामा दे. बाबांशी मी स्वतः बोलेन. मुंबईला बिऱ्हाड करायची घाई कशाला? तिथे तिकीट लावून डबलबारीचे सामने होतात, ते ऐकायला येणारे आपल्याच गावचे. कोकणकन्या गाडीत रात्री बसलास की सकाळी मुंबईत.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्यांना विचार, कलम लावल्यावर पहिला आंबा हाती यायला किती वर्षं गेली? हापूस एका वर्षी लगडतो, पुढच्या वर्षी हात आखडतो, तरी त्यांनी बाग तोडली नाही. ही वही त्यांच्यासमोर ठेव. मोहोर गळालेली वर्षं त्यांनी कशी काढली ते त्यांच्याकडूनच ऐक आणि तेही वहीत लिहून ठेव.

ई-मेलला उत्तर आलं की मला कळव. महिनाभरात नाही आलं तरी कळव, पुढचं पत्र आपण दोघं मिळून लिहू.

तुझी मावशी