कास पठारावर गाईड घ्यावा का? फुलं तर अशीच दिसतात ना?

घ्याच. फुलं दिसतात हो, पण पठार कसं चालतं ते कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. वर जांभा खडक, त्यावर मातीचा अगदी पातळ थर, म्हणून पावसाळ्यात पाणी मुरायला जागा कमी आणि सगळीकडे उथळ डबकी नि ओलसर पट्टे तयार होतात, आणि दिवाळीनंतर तेच पठार कोरडं ठाक. म्हणजे ही पाणथळ जागा वर्षातले काही महिनेच जिवंत असते आणि तेवढ्यात झाडांना उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं.

मातीत नायट्रोजन फारच कमी, म्हणून इथे किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत. त्यातलीच एक सीतेची आसवं, तिची जांभळी-निळी फुलं सगळे फोटोत घेतात, पण खरी गंमत खाली चिखलात. तिथे याच झाडाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात, बारीक जीव पिशवीच्या दारावरच्या केसांना लागला की पिशवी पाण्यासकट त्याला आत ओढते. दवबिंदू ही किडे खाणारी दुसरी वनस्पती, तिच्या पानावरचे चिकट थेंब बघायचे तर गुडघ्यावर बसून भिंग लावा, उभ्याने काही दिसत नाही.

ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जा, शक्यतो मधल्या वारी, बुकिंग आधी करून. कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जायला वेळ ठेवा. आणि प्लीज पायवाट सोडू नका, सेल्फीसाठी आत गेलेल्या एका पावलाखाली कितीतरी रोपं चिरडतात आणि तो पातळ थर उखडला की पुन्हा साचायला फार वर्षं लागतात.