वाचकांचे प्रश्न : प्रोटीन पावडर स्वयंपाकात वापरताना

प्रश्न : माझा मुलगा रोज सकाळी शिवाजी पार्कला पळायला जातो आणि संध्याकाळी जिमला. त्याने व्हॅनिला स्वादाच्या व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीचा) एक किलोचा डबा आणला, पण ती पावडर पाण्यात घुसळून पिण्याचा त्याला आठवड्याभरात कंटाळा आला. म्हणून मी नेहमीच्या केकमध्ये निम्म्या मैद्याऐवजी तीच घातली. केक ओव्हनमध्ये छान फुगला, बाहेर काढताच बसला आणि कापायला घेतला तर रबरासारखा चिवट निघाला. शेजारच्या काकू म्हणतात, भाजल्यावर त्यातली प्रथिने नाहीशी होतात. हे खरे आहे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : काकूंची शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून आधी तिचेच निरसन करतो. अंडे उकडल्यावर त्यातला पातळ, पारदर्शक भाग पांढरा आणि घट्ट होतो. म्हणून काही त्यातली प्रथिने उडून जात नाहीत, उलट ती पचायला सोपी होतात. व्हे प्रथिनांचेही तसेच आहे. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांची घडी उलगडते आणि ती एकमेकांना चिकटू लागतात, परंतु प्रथिने ज्यांची बनलेली असतात ती, शरीराला हवी असलेली अमिनो आम्ले जवळजवळ सगळी शाबूत राहतात. साखरेबरोबर फार वेळ, फार कडक भाजले तर लायसीन हे अमिनो आम्ल थोडे कमी होते, एवढेच.

आपला केक बिघडला तो याच चिकटण्याच्या गुणामुळे. दूध तापवताना पातेल्याच्या तळाला जो थर धरतो, त्यात मुख्यतः हीच प्रथिने असतात. तो थर नखाने खरवडून पाहिलात तर केक चिवट का झाला हे चटकन लक्षात येईल. मैद्यातील ग्लुटेन हे लवचिक प्रथिन ताणले जाते, हवा धरून ठेवते आणि केकला आधार देते. व्हे पावडरीत ग्लुटेन नसते, स्टार्चही नसतो. ती फुगवट्याला आधार देत नाही आणि जास्त भाजली की आक्रसून पाणी सोडते. थोडक्यात, ही पावडर पिठाच्या जागी घालण्याची वस्तू नव्हे.

पुढच्या वेळी २०० ग्रॅम मैद्यापैकी फक्त ५० ग्रॅम काढून तेवढी पावडर घाला, तीन-चार मोठे चमचे दही किंवा एक कुस्करलेले पिकलेले केळे वाढवा आणि लोणी मात्र कमी करू नका. पावडर गोड असेल तर साखर थोडी कमी करावी. ओव्हन १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवा आणि मध्यभागी खुपसलेल्या सुरीला ओलसर कण चिकटत असतानाच केक बाहेर काढा, कारण भांड्याच्या उष्णतेने तो पुढेही शिजत राहतो.

मला स्वतःला मात्र या पावडरीसाठी केकपेक्षा बेसनाचे लाडू अधिक योग्य वाटतात. बेसन तुपावर नेहमीसारखे खमंग भाजावे, हाताला सोसवेल इतके निवू द्यावे आणि मग पिठीसाखरेबरोबर, दोन वाट्या बेसनाला अर्धी वाटी या प्रमाणात, पावडर मळून घ्यावी. पावडर तूप ओढून घेते, म्हणून लाडू वळत नसेल तर चमचाभर पातळ तूप घालावे. यात पावडर भाजलीच जात नसल्यामुळे चिवटपणाचा प्रश्नच येत नाही.

एक हिशेबही मुलाला सांगावा. साधारण ८० टक्के प्रथिने असलेल्या ५० ग्रॅम पावडरीतून ४० ग्रॅम प्रथिने मिळतात. केकचे दहा तुकडे केले तर प्रत्येकात पावडरीची चारच ग्रॅम येतात. त्यापेक्षा ३० ग्रॅम तूरडाळीच्या साध्या वरणातूनच जास्त, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम मिळतात.

प्रश्न : नाचणीच्या सत्त्वात पावडर घातली की गुठळ्या होतात. काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : उकळत्या सत्त्वात कोरडी पावडर टाकली की प्रत्येक गोळ्याची बाहेरची बाजू क्षणात शिजते आणि आत कोरडी भुकटी अडकून राहते, मग कितीही ढवळले तरी ती फुटत नाही. पावडर आधी थंड दुधात पेस्टसारखी कालवा, पातेले गॅसवरून उतरवून पाचेक मिनिटे थांबा आणि मगच ती पेस्ट थोडी थोडी घाला. आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात डब्यातच गोळे धरतात, त्यासाठी चमचा कोरडा असावा आणि झाकण लगेच घट्ट लावावे. खवट वास आला तर पावडर टाकून द्यावी.

प्रश्न : घरातल्या सगळ्यांसाठी रोजच्या कणकेतच पावडर मिसळली तर? सासरे मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आहेत.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कृपया मिसळू नये. मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना डॉक्टर प्रथिने मोजून देतात आणि पोळीतून नकळत गेलेली पावडर त्या हिशेबात धरली जात नाही. ज्यांना हवी असेल त्यांची कणीक वेगळी भिजवावी, आणि सासऱ्यांना किती प्रथिने चालतील हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.