संगणकावर लिगँड (प्रथिनाला चिकटणारे छोटे रेणू) घडवणाऱ्या प्राध्यापकाला केमिस्ट म्हणावं का? या वाटेने करिअर होतं का?

म्हणावं. आणि करिअरही होतं; माझं झालं, सव्वीस वर्षं रसायनशास्त्राच्याच विभागात. पण तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मला एकदा विभागाच्या बैठकीत सगळ्यांदेखत ऐकावा लागलाय, म्हणून आधी ते सांगतो.

एका एन्झाइमच्या खोबणीत बसेल असा लिगँड आम्ही शोधत होतो. एन्झाइमची स्फटिकरचना, म्हणजे त्यातल्या अणूंच्या जागांचा नकाशा, २.६ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनची. खोबणीच्या तळाशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल, त्याच्या अमाइडचा (एक ऑक्सिजन, एक नायट्रोजन असलेल्या टोकाचा) नायट्रोजन आतल्या बाजूला. नायट्रोजनकडे हायड्रोजन असतो, म्हणून समोर कार्बोनिलचा ऑक्सिजन ठेवला की हायड्रोजन बंध जुळणार. डॉकिंगचा स्कोअरही, म्हणजे रेणू खोबणीत किती नीट बसेल याचा संगणकी अंदाजही, उत्तम. सहकाऱ्याने आठ महिने खपून नऊ रेणू बनवले. एकही चिकटला नाही. "चित्रं काढण्याला केमिस्ट्री म्हणत नाहीत," असं तो बैठकीत म्हणाला.

चूक माझ्या विद्यार्थिनीने पकडली. त्या रिझोल्यूशनला अमाइडचा ऑक्सिजन आणि नायट्रोजन इलेक्ट्रॉन घनतेत वेगळे ओळखू येत नाहीत. कुठला कुठे, हे आजूबाजूचे अणू पाहून ठरवायचं असतं. मॉडेलमधला ऑक्सिजन मागच्या एका कार्बोनिलच्या ऑक्सिजनपासून २.९ अँगस्ट्रॉमवर होता. मध्ये हायड्रोजन नसताना दोन ऑक्सिजन इतक्या जवळ कसे राहतील? तिने ते टोक १८० अंशांत फिरवलं. म्हणजे इतके दिवस आम्ही ऑक्सिजनच्या तोंडावर ऑक्सिजन आणून ठेवत होतो. कार्बोनिलच्या जागी एनएच (हायड्रोजन असलेला नायट्रोजन) घातला आणि दहावा रेणू पहिल्याच मोजणीत मायक्रोमोलरच्या खाली उतरला, म्हणजे घट्ट चिकटला.

हायड्रोजन कुणाकडे आहे हे ओळखणं केमिस्ट्री नाही, तर मग केमिस्ट्री कशाला म्हणायचं? फ्लूच्या विषाणूच्या न्यूरामिनिडेझ या एन्झाइमवरचं झानामिव्हिर हे औषध १९९३ साली शोधनिबंधात जाहीर झालं, तेही असंच: खोबणीचा नकाशा ग्रिड नावाच्या प्रोग्रॅमने तपासून एका हायड्रॉक्सिलच्या जागी ग्वानिडिन गट बसवला.

आमच्या दहाव्या रेणूच्या पेपरवर त्या विद्यार्थिनीचं नाव चौथं लागलं. मी तिच्यासाठी पहिलं मागितलं होतं. "रेणू ज्याने बनवला त्याचं नाव आधी," असं उत्तर मिळालं, आणि मी पुरेसा भांडलो नाही. म्हणून लॅब निवडताना संगणक किती मोठा आहे ते विचारू नका. नावांचा क्रम कोण आणि कशावरून ठरवतं, ते विचारा. उत्तर देताना गाइड अडखळला तर दुसरी लॅब बघा.

बाकी तयारीचं म्हणाल तर थर्मोडायनॅमिक्स पक्कं करा. बंधन-ऊर्जेत (रेणू चिकटण्याच्या ऊर्जेत) १.४ किलोकॅलरी प्रति मोल चुकलात की बंधनाचा अंदाज दहापट चुकतो, आणि डॉकिंगचा स्कोअर त्याहून जास्त सहज चुकतो. प्रोग्रॅमिंग वर्षभरात येतं.

एक मात्र मान्य करायला हवं: ते नऊ रेणू फसले नसते तर त्या ग्लुटामिनकडे पुन्हा कुणी पाहिलंच नसतं, आणि ती मेहनत सहकाऱ्याची होती. तरी पहिलं नाव तिचंच हवं होतं.